देवीचा वैद्य : एडवर्ड जेन्नर

आपल्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असा मंडळाचा परिपाठ आहे. आजवर आपण बहुधा थोर स्त्रियांची चरित्रे दिली. यंदा हे काम माझ्याकडे आले तेव्हा मी एका पुरुषाचे, आणि तेही परदेशी पुरुषाचे, नाव सुचविले. काही जणींना त्याचे नवल वाटले. पण आपल्यापैकी पन्नाशी उलटलेल्या बहुतेक जणी ज्याच्या उपकाराची खूण हातावर बाळगून आहेत, त्याची ओळख आपल्या घरातल्या मुलींना असू नये, हे मला बरे वाटेना. ती खूण म्हणजे देवी काढल्याचा गोल वण, आणि तो मनुष्य म्हणजे इंग्लंडातील एक खेडवळ डॉक्टर, एडवर्ड जेन्नर.

देवी म्हणजे काय, हे आज घरातल्या सुनांना समजावून सांगावे लागते. यासारखी आनंदाची गोष्ट नाही. आमच्या लहानपणी ते कुणाला सांगावे लागत नसे. घरात देवी आल्या की दारी कडुनिंबाचा डहाळा लागे, स्वयंपाकात फोडणी बंद होई आणि रोग्याला रोगी म्हणायचीही चोरी असे. शीतलादेवीचा कोप झाला, ती आली तशी आपल्या पावलांनी जाईल, अशी समजूत. या समजुतीमागे अज्ञान होते तसा निरुपायही होता. तीव्र देवी आलेल्या दर दहा माणसांमागे सुमारे तीन दगावत आणि त्यावर खात्रीचे औषध कुणाकडेच नव्हते.

हा रोग एका विषाणूचा. तो श्वासावाटे शरीरात शिरे. सुमारे बारा दिवस काहीच कळत नसे. मग एकाएकी कडक ताप, कंबरदुखी, आणि दोनचार दिवसांत अंगावर पुरळ. पुरळाचे फोड, फोडात पू, पुवाच्या खपल्या, असा तीनचार आठवड्यांचा फेरा असे. हे फोड पोटापाठीपेक्षा चेहऱ्यावर आणि हातापायांवर अधिक दाट येत. आपल्या त्वचेचा वरचा पापुद्रा खालून सारखा नवा होत असतो, म्हणून साधे खरचटलेले मागमूस न ठेवता भरून येते. पण देवीचा विषाणू खालच्या थरातल्या तैलग्रंथींचा नाश करी. त्या जागी मूळची कातडी न येता निबर धाग्यांची कातडी येई, ती आक्रसे आणि खड्डा पडे. चेहऱ्यावर तैलग्रंथी सर्वांत जास्त, म्हणून खड्डेही तिथेच सर्वांत खोल. बुबुळावर वण पडला तर डोळा जाई तो वेगळाच.

माझ्या आजीला नवव्या वर्षी देवी आल्या. ती वाचली, पण चेहरा गेला. तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न आधी झाले आणि आजीला बिजवराला दिले, दोन सावत्र मुलांसकट. तिने संसार नेटाने केला, आम्हा नातवंडांवर माया केली, पण लग्नामुंजीत फोटो काढायची वेळ आली की ती हळूच स्वयंपाकघरात जाई. त्यामुळे तिचा एकही फोटो आमच्या घरात नाही. देवीने किती माणसे मेली याचे आकडे पुस्तकांत सापडतात. किती मुलींचे आयुष्य चेहऱ्यावरच्या खड्ड्यांनी ठरविले, त्याचा हिशेब कुठे मिळायचा? जेन्नरच्या कामाकडे मी पाहते ती या हिशेबाने.

एडवर्ड जेन्नरचा जन्म 17 मे 1749 रोजी इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कली या गावी झाला. वडील तिथल्या चर्चचे धर्मगुरू होते. नऊ भावंडांतला हा आठवा. तो पाच वर्षांचा असताना आई आणि वडील दोघेही थोड्या अंतराने वारले आणि थोरल्या भावंडांनी त्याला वाढविले. गाव दुधदुभत्याचे, सभोवार कुरणे. पोराला शाळेपेक्षा रानाची ओढ अधिक. पाखरांची घरटी धुंडाळावी, नदीकाठी पुराणे अश्मीभूत शिंपले गोळा करावेत, हा त्याचा छंद.

आठव्या वर्षी त्याच्यावर एक प्रसंग आला. त्या काळी देवी टाळण्याचा एक धाडसी उपाय प्रचारात होता. सौम्य देवी आलेल्या माणसाच्या फोडातली लस घ्यायची आणि निरोगी माणसाच्या कातडीत ओरखडा काढून त्यात भरायची. मग त्याला देवी येत, पण बहुधा हलक्या येत आणि पुन्हा कधी येत नसत. ही रीत इंग्लंडात रुजविण्याचे बरेचसे श्रेय एका स्त्रीकडे जाते. लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू ही रूपाबद्दल नावाजलेली बाई. देवीने तिचा भाऊ नेला, आणि 1715 साली तिच्यावरच घाला घालून चेहऱ्यावर वण ठेवले व पापण्यांचे केस नेले. पुढे नवऱ्याच्या वकिलातीनिमित्त ती कॉन्स्टँटिनोपलला राहिली. तिथल्या म्हाताऱ्या बायका सुईने देवी टोचतात हे तिने पाहिले, आणि 1718 साली आपल्या मुलाला व 1721 साली लंडनमध्ये मुलीला तिने तशा टोचून घेतल्या.

या रीतीत धोका मात्र होता. टोचलेल्यांपैकी शंभरात एकदोन दगावत, आणि त्यांच्यापासून खऱ्या देवीची साथ पसरू शके. शिवाय डॉक्टरांनी तिच्याभोवती पथ्यांचे अवडंबर माजविले होते. छोट्या एडवर्डला टोचण्याआधी कित्येक आठवडे अर्धपोटी ठेवले, त्याचे रक्त काढले, रेच दिले, आणि टोचल्यावर इतर मुलांबरोबर एका तबेल्यात कोंडून ठेवले. तो वाचला. पुढे मोठेपणी ज्या रीतीला त्याने कायमची रजा दिली, तिचे हाल त्याने असे स्वतःच्या अंगावर सोसले होते.

तेराचौदा वर्षांचा झाल्यावर तो एका गावठी शस्त्रवैद्याच्या हाताखाली उमेदवारीला राहिला, आणि 1770 साली लंडनला जॉन हंटर या विख्यात शस्त्रवैद्याकडे शिकायला गेला. हंटर माणसांइतकाच जनावरांच्या शरीररचनेत रमणारा. नुसते तर्क लढवीत बसू नये, करून पाहावे, हा त्याचा खाक्या. गुरूचा हा मंत्र जेन्नरने आयुष्यभर जपला. लंडनात राहून पैसा आणि प्रतिष्ठा मिळविता आली असती. पण दोनतीन वर्षांत तो बर्कलीला परतला आणि घोड्यावर बसून खेड्यापाड्यांतले रोगी पाहू लागला. फावल्या वेळात त्याने कोकिळेच्या पिल्लाचे निरीक्षण केले. परक्या घरट्यात जन्मलेले हे इवलेसे पिल्लू पाठीवरच्या खळगीत अंडे उचलून बाहेर ढकलते आणि काही दिवसांनी ती खळगी बुजून जाते, हे त्याने दाखवून दिले. या कामासाठी 1789 साली त्याला रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. म्हणजे हा मनुष्य आधी प्रसिद्ध झाला तो पाखरांमुळे! त्याच सुमारास, 1788 साली, कॅथरिन किंग्जकोट हिच्याशी त्याचे लग्न झाले.

आता गाईकडे वळू. ग्लॉस्टरशायरच्या गाईंना अधूनमधून कासेवर व सडांवर फोड येत. त्याला गोस्तनदेवी म्हणतात. धारा काढणाऱ्या मुलींच्या हातांना तेच फोड होत, दोन दिवस कणकण येई आणि फोड सुकून जात. अशा मुलींना पुढे खरी देवी येत नाही, ही गोष्ट गोठ्यागोठ्यांत माहीत होती. एका गवळणीने ही गोष्ट बालपणीच जेन्नरला सांगितली, अशी कथा शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचलेली असते. आजचे इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. जॉन फ्यूस्टर नावाच्या शेजारगावच्या वैद्याच्या अनुभवात मात्र ही गोष्ट आली होती. गाईची देवी होऊन गेलेल्यांना माणसाची देवी टोचली तर ती उठत नाही, हे त्याला दिसले होते. बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने तर 1774 साली गाईच्या फोडातली लस आपल्या बायकोला आणि दोन मुलांना सुईने टोचली होती. बायकोचा हात फार सुजला, पण ती बरी झाली. गावाने जेस्टीची हेटाळणी केली आणि गोष्ट तिथेच राहिली.

मग जेन्नरचे मोठेपण कशात? माझ्या मते ते यात, की बायकांच्या गोठ्यातले बोलणे त्याने अडाण्यांची बडबड म्हणून झटकून टाकले नाही. तसेच ते ऐकले एवढ्यावर भागविलेही नाही. वर्षानुवर्षे त्याने अशा माणसांच्या हकिगती टिपून ठेवल्या. गाईच्या सडांवर येणारे सगळेच फोड हे गुण देत नाहीत, त्यांत खरी गोस्तनदेवी कोणती आणि नकली कोणती, हे त्याने निवडून काढले. 1789 साली आपल्या तान्ह्या मुलाला डुकराच्या देवीची लस टोचून पाहण्याचे धाडसही त्याने केले होते.

14 मे 1796 हा दिवस उजाडला. सेरा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावर गोस्तनदेवीचा ताजा फोड होता. तो तिला ब्लॉसम नावाच्या गाईपासून मिळाला होता. त्या फोडातली लस जेन्नरने आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाच्या, जेम्स फिप्सच्या, दंडावर दोन लहान ओरखडे काढून त्यांत भरली. नवव्या दिवशी पोराला थोडी थंडी वाजली, जेवण गेले नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो खेळू लागला. पुढे 1 जुलैला जेन्नरने त्याच मुलाला माणसाची खरी देवी टोचली. देवी उठली नाही.

मी आई म्हणून हा भाग वाचते तेव्हा मला ते जवळजवळ सात आठवडे त्या माळ्याच्या घरात काढावेसे वाटत नाहीत. नोकराचे मूल, मालकाचा प्रयोग! आज असा प्रयोग कुठल्याही देशात कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. खरी देवी टोचणे ही त्या काळची रोजची रीत होती, एवढे जेन्नरच्या बाजूने म्हणता येते. त्याने जेम्सला वाऱ्यावर सोडले नाही, हेही नमूद केले पाहिजे. पुढे जेम्सला त्याने बिनभाड्याचे घर दिले, आणि जेन्नरच्या अंत्ययात्रेत तो हजर होता.

रॉयल सोसायटीकडे हे काम गेले, पण एवढ्याशा पुराव्यावर ते छापण्यास तिने नकार दिला. जेन्नर चिडून बसला नाही. गोस्तनदेवी पुन्हा उद्भवायची वाट पाहत त्याने दोन वर्षे काढली, आणखी मुलांना लस टोचली आणि 1798 साली तेवीस हकिगतींचे पुस्तक पदरच्या पैशांनी छापून काढले. मग टीकेचा भडिमार झाला. 1802 साली एका चित्रकाराने लस टोचलेल्या माणसांच्या अंगातून गाई फुटताहेत असे व्यंगचित्र काढले, ते फार गाजले. लंडनात काहींनी निष्काळजीपणे खऱ्या देवीची भेसळ झालेली लस वापरली आणि तिचा दोष जेन्नरच्या माथी आला. पण देवी हटते आहे हे लोक डोळ्यांनी पाहत होते.

आपली युक्ती गुप्त ठेवून त्याने खोऱ्याने पैसा ओढला असता. त्याने ती जगाला खुली केली. बागेतल्या एका लहानशा झोपडीत तो गोरगरिबांना फुकट लस टोची. पत्रे आणि लस पाठविण्यात त्याचा धंदा बसला, तेव्हा पार्लमेंटने 1802 साली त्याला 10,000 पौंड आणि 1807 साली आणखी 20,000 पौंड दिले. इंग्लंडशी युद्ध चालू असतानाही नेपोलियनने त्याच्या विनंतीवरून काही इंग्रज कैदी सोडले, असा त्याचा मान होता.

लस दूरदेशी न्यायची मोठी अडचण म्हणजे उष्णता. दोऱ्यावर वाळविलेली लस वाटेत निकामी होई. म्हणून ती एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत न्यावी लागे. 1803 साली स्पेनहून अमेरिकेकडे निघालेल्या जहाजावर बावीस अनाथ मुलगे होते. त्यांना क्रमाक्रमाने टोचून लस समुद्रापार नेली. त्या मुलांचे संगोपन करणारी इसाबेल झेंदाल ही बाई स्वतःच्या मुलालाही घेऊन त्या जहाजावर होती.

आपल्या देशात लस आली ती व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा मुक्कामांनी. आणि ती पहिल्यांदा लागली आपल्याच मुंबईत! 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. तिच्या दंडावरच्या फोडातून आणखी मुलांना टोचण्यात आले, आणि मग ती देशभर पसरली. हिंदुस्थानातील लशीची ही साखळी एका चिमुरडीच्या हातापासून सुरू झाली, हे प्रत्येक मुंबईकर बाईने अभिमानाने लक्षात ठेवावे. पुढे हातावरून हातावर टोचण्याची पद्धत मागे पडली आणि वासरांच्या कातडीवर लस वाढविण्यात येऊ लागली. बेळगावच्या लस संस्थेत ती अशीच तयार होत असे.

घरच्या दुःखांनी जेन्नरला शेवटी शेवटी एकटे केले. थोरला मुलगा 1810 साली क्षयाने गेला, आणि 1815 साली कॅथरिनही त्याच रोगाने गेली. लोकांची मुले वाचविणाऱ्याला स्वतःचे मूल वाचविता आले नाही, कारण क्षयावर तेव्हा कोणापाशी उपाय नव्हता. पत्नीच्या मृत्यूनंतर तो बर्कली सोडून फारसा कुठे गेला नाही. 26 जानेवारी 1823 रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, अर्धांगाच्या झटक्याने त्याचा अंत झाला.

त्याचे सगळेच म्हणणे खरे ठरले असे नाही. एकदा टोचले की जन्मभर पुरते, असा त्याचा हट्ट होता. काही वर्षांनी पुन्हा टोचावे लागते, हे अनुभवाने कळले. गाईला ही देवी घोड्याच्या खुरांजवळच्या फोडांतून मिळते, असे तो म्हणे, त्याला लोक हसत. अलीकडे 1902 सालच्या जुन्या लशीची तपासणी झाली तेव्हा तिच्यातला विषाणू घोड्याच्या देवीच्या विषाणूच्या अगदी जवळचा निघाला. गाईची देवी तर मुळात रानातल्या उंदरांच्या जातीत वास करते, असेही आता कळले आहे. जनावराची आणि माणसाची कातडी यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही, हे जेन्नरने सूक्ष्मदर्शकात विषाणू न पाहताच ओळखले होते.

देवी हटली ती घरोघर फिरलेल्या कार्यकर्त्यांच्या पायपिटीने. देवी आलेल्या मुलाचे चित्र हातात घेऊन ते दारोदार विचारीत, की असे कुणी तुमच्या घरी आहे काय?  मे 1975 नंतर आपल्या देशात देवीचा एकही स्थानिक रोगी सापडला नाही. 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. माणसाने समूळ उखडून काढलेला माणसाचा हा एकमेव रोग होय.

लशीला इंग्रजीत व्हॅक्सिन म्हणतात, तो शब्द लॅटिनमधल्या गाईच्या नावावरून आला. आपला लस हा शब्दही जखमेतून झिरपणाऱ्या पाण्याचा आहे. गाईचे ऋण तर आपण परतही करू लागलो आहो. 2022 साली आपल्या राज्यात गुरांच्या कातडीवर गाठी आणणाऱ्या लम्पी रोगाची मोठी साथ आली, तेव्हा शेळीच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्यात आली. एका जनावराच्या रोगाने दुसऱ्याच्या भयंकर रोगाला अडवायचे, ही जेन्नरचीच युक्ती दोनशे वर्षांनी गोठ्यात परत आली.

आता सुशिक्षित घरांतूनसुद्धा लशीविषयी उलटसुलट बोलणे ऐकू येते. रोग दिसेनासा झाला की उपायाची किंमत वाटेनाशी होते, हा मनुष्यस्वभावच आहे. पण देवी गेली, गोवर गेलेला नाही. अंगावर पुरळ आणणारा हा रोग आजही लहान मुलांचे बळी घेतो, आणि त्याची लस आपल्या वॉर्डातल्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मुलाच्या नवव्या महिन्यानंतर एकदा आणि दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा एकदा ती टोचून घ्यायची असते. आपल्या सुशिक्षित कुटुंबांना हे सांगणे सोपे आहे. आपल्या शेजारी इमारतीचे काम चालू असते, तिथे गावाकडून आलेल्या बायका कडेवर मूल घेऊन विटा वाहतात. दवाखाना कुठे, तारीख कोणती, कार्ड कसले, हे त्यांना कुणी सांगत नाही. येत्या वर्षी मंडळातील दोघीदोघींनी मिळून अशा एकेका आईला दवाखान्यापर्यंत सोबत करावी, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे. एका दुपारचे काम आहे.